घरची पावडर

घरात कॅरमची पावडर वस्त्रगाळ करणारी आई जितीजागती असताना श्रीशैल बाजारातून पावडरीचा पुडा आणतो, याला काय म्हणायचं? शांतादेवी लिगाडे आठ वर्षं हे विचारत होत्या. सुनेला विचारून झालं, शेजारच्या झुंबरबाईला विचारून झालं, दुकानात कुंकू घ्यायला आलेल्या अनोळखी बायकांनाही विचारून झालं. खुद्द श्रीशैलला विचारलं की तो म्हणायचा, “बरी असती की ती पण,” आणि जिन्यानं वर निघून जायचा.

पुडा प्लॅस्टिकचा. वर निळी इंग्रजी अक्षरं. शांतादेवींची शाळा दुसरीतच संपली होती, त्यामुळं ती अक्षरं त्यांच्या उपयोगाची नव्हती. पण आत बोट घालून माल काय प्रतीचा आहे ते त्या डोळे मिटून सांगत.

“जाडी हाय,” त्या म्हणाल्या. दोन बोटांत चोळलेली पावडर त्यांनी फुंकून टाकली. “तुझ्या सासऱ्यांनी असल्या पावडरीला बोटबी लावलं नसतं.”

सून वर्षाराणी शेंगा फोडत बसली होती. निपाणीची पोर, बोलायला कुणाला हार जाणारी नव्हती. “अव्वा, दर सोमवारी तुम्ही त्या पुड्याला बोलताय. त्यो बिचारा काय करंल? एकदा समोर बसवून नीट विचारून घ्या की.”

“पुड्याला?”

“तुमच्या लेकाला.”

“त्याला काय विचारायचं? ऐन डावात ज्याचा हात थरथर कापतो त्याला कुठलीबी पावडर चालती.”

हात कापल्याचं हे बोलणं त्या घरात जुनं झालं होतं. वर्षाराणी लग्न होऊन आली तेव्हापासून ऐकत होती. तिनं शेंगा फोडायचं थांबवलं नाही.

लिगाड्यांचं दुकान महाद्वार रोडच्या मागच्या बोळात. वर घर, खाली दुकान. कुंकू, बुक्का, विभूती, हिरडा, सुंठ, नागरमोथा. दुकानात जे काही होतं ते शेवटी भुकटी होऊनच पुडीत जायचं. शांतादेवी सोळाव्या वर्षी लग्न होऊन आल्या आणि सासूनं पहिल्याच आठवड्यात त्यांच्या हातात जुन्या धोतराचा एक तलम तुकडा दिला. पातेल्याच्या तोंडावर तो ताणून दोऱ्यानं बांधायचा, वर भुकटी टाकायची आणि तळव्यानं हळूहळू फिरवत राहायची. जोर केला तर जाड कण कापडातून खाली जातो, घाई केली तर निम्मा माल हवेत उडतो. खाली जे पडतं ते वस्त्रगाळ. कुंकवाचं कापड वेगळं, औषधाचं वेगळं, विभूतीचं वेगळं. चौथं कापड होतं ते कॅरमच्या पावडरीचं.

कारण त्या घरात दुकानाइतकाच कॅरम चालायचा. त्यांचे नवरे गुरुसिद्ध लिगाडे दिवसभर पुड्या बांधत आणि संध्याकाळी माडीवर बोर्डासमोर बसत. त्यांच्या समोरच्या स्टुलावर आकाराम. हा कसबा बावड्याच्या साखर कारखान्यात नोकरीला होता. पाळी सुटली की सायकल मारत यायचा. दोघांची जोडी जिल्ह्यात पंधरा वर्षं कुणाला आवरली नाही. गुरुसिद्ध एकेरीत तीनदा राज्य स्पर्धेपर्यंत गेले, पण महाराष्ट्राच्या संघात काही त्यांची निवड झाली नाही. ते शल्य ते बोलून दाखवत नसत, शांतादेवी मात्र दाखवत.

बायकांनी बोर्डावर बसायची रीत घरात नव्हती. शांतादेवींना त्याचं दुःखही नव्हतं. खेळातला त्यांचा वाटा खाली स्वयंपाकघरात होता. औषधाच्या दुकानातून बोरिक पावडर यायची. ती त्या तीन वेळा चाळायच्या. त्या पावडरीवर स्ट्रायकरला नुसता बोटाचा वारा लागला तरी तो समोरच्या फळीवर आपटून परत यायचा. बाहेरगावचे खेळाडू म्हणायचे, लिगाड्यांच्या माडीवर खेळायचं तर बोटाला लगाम पाहिजे. हे कुणी म्हटलं की शांतादेवी पदर सारखा करायच्या आणि पाहुण्याच्या चहात साखर जरा जास्त पडायची.

श्रीशैल पाचव्या वर्षी स्टुलावर उभा राहून खेळायला लागला. बापानं शिकवायला सुरुवात बोर्डावर केली नाही, देवघरात केली. सकाळी डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन बसायचं, नजर त्यावरून काढायची नाही, तळहात हलू द्यायचा नाही. “डावा हात शिवाचा, उजवा बोर्डाचा,” गुरुसिद्ध सांगायचे. “डावा स्थिर झाला की उजव्याला काय सांगावं लागत न्हाई.” पोरगं दहा वर्षांचं होईपर्यंत त्याचा तळहात असा झाला की वर पाण्याची वाटी ठेवली तरी डुचमळू नये. चौदाव्या वर्षी शालेय स्पर्धा जिंकला. एक्याण्णव साली गुरुसिद्ध गेले आणि तिसऱ्याच महिन्यात श्रीशैल जिल्ह्याचा विजेता झाला. आकारामनं पेपरातला फोटो कापून आणला आणि खाली काय लिहिलंय ते शांतादेवींना दोनदा वाचून दाखवलं. त्यांनी तिसऱ्यांदा वाचायला लावलं.

मग आलं अठ्ठ्याण्णव साल. राज्य स्पर्धा कोल्हापुरातच होती, ऐन श्रावणात. पहिल्या चौघांना महाराष्ट्राच्या संघात घेणार होते. श्रीशैल शेवटच्या आठांत आला. आणखी एक सामना, की बापाचं राहिलेलं पुरं होणार होतं.

आदल्या दिवशी दुपारी शांतादेवी पावडर चाळायला बसल्या. समोर मठातल्या स्वामींनी दिलेला विभूतीचा गोळा होता. एसटीनं जाऊन, अर्धा दिवस रांगेत बसून त्यांनी तो आणला होता. त्यांनी तो कुटला, चाळला आणि त्यातली एक चिमूट बोरिकमध्ये टाकली. मग त्यांना वाटलं, देवाला चिमटीनं काय मोजायचं? म्हणून मूठभर टाकली. सगळं एकत्र करून पुन्हा चाळलं आणि गुरुसिद्धांचं नाव कोरलेल्या पितळी डबीत भरलं. पांढऱ्यात पांढरं मिसळून गेलं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. जिंकल्यावर सांगणार होत्या.

दुसऱ्या दिवशी पावसानं हॉलचं छप्पर गळलं आणि आयोजकांची पावडरीची पेटी भिजली. पंच खोळंबले. तेव्हा श्रीशैल उठून म्हणाला, “आमच्या घरची हाय. चालत असली तर घ्या.” समोर हुपरीचा जोतीराम होता, चांदीचे घुंगरू जोडणारा कारागीर. तो हसला. “लिगाड्यांची पावडर? मग घालाच की. आमाला तेवढंच भाग्य.” पंचांनी डबी घेतली.

शांतादेवी बायकांच्या खुर्च्यांत बसल्या होत्या, आकाराम पलीकडच्या रांगेत. श्रीशैलचा पहिलाच स्ट्रायकर सोंगटीच्या अलीकडं चार बोटांवर थांबला. दुसरा तसाच. तो जोर वाढवायला गेला तर नेम सुटला. जोतीराम मात्र शांतपणे एकेक सोंगटी पॉकेटात घालत गेला. त्याच्या घरच्या बोर्डावर भट्टीची काजळी बसायची. मंद बोर्डावर कसं खेळायचं ते त्याला जन्मापासून ठाऊक होतं. दोन गेममध्ये सामना संपला. पहिल्यात श्रीशैलचे नऊ, दुसऱ्यात अकरा. उठताना त्यानं बोर्डावरून तळवा फिरवला आणि तळव्याकडं बराच वेळ बघितलं. मग जोतीरामशी हात मिळवला आणि डबीचं झाकण लावलं.

घरी आल्यावर आकारामनं विचारलं, “झालं काय रे?”

“हात कापला, आकारामकाका,” श्रीशैल म्हणाला.  डबी कुठाय म्हटल्यावर म्हणाला, हॉलवर राहिली, परत गेलो तर सापडली नाही.

शांतादेवींनी मनाशी हिशोब मांडला तो असा: पावडरीत साक्षात देव होता आणि तरी ह्याचा हात कापला. म्हणजे दोष सगळा पोराचा. त्या दिवसापासून त्यांचं बोलणं सुरू झालं, आणि त्या दिवसापासून श्रीशैलचा बाजारचा पुडा सुरू झाला. जोतीराम महाराष्ट्राकडून दोन वर्षं खेळला. श्रीशैलनं जिल्हा आणखी चार वेळा जिंकला, राज्यात दोनदा शेवटच्या आठांत गेला, तिथून पुढं नाही. आता तो चौतिसाचा होता, कॉलेजच्या मुलींना कॅरम शिकवत होता. परवा जेवताना भाताकडं बघत म्हणाला होता की शनिवारची राज्य स्पर्धा झाली की बास. माडीवरचा बोर्ड आकारामकाकांच्या मंडळाला देऊन टाकू.

शांतादेवींनी तेव्हा ताट सरकवलं नाही की आवाज चढवला नाही.  माडीवरच्या त्या बोर्डाच्या फळीवर जिथं गुरुसिद्धांचं मनगट टेकायचं ती जागा अजून तुकतुकीत होती.

त्या सोमवारी दुकान बंद होतं. बोर्ड जाणार म्हणून वर्षाराणी माडीवरची पेटी आवरायला गेली आणि थोड्या वेळानं हातात एक गाठोडं घेऊन खाली आली. श्रीशैलचा जुना खेळायचा शर्ट आणि त्यात गुंडाळलेली डबी.

“अव्वा, ही बघा की. काळी पडलीय, चिंच लावून घासू का? झाकण निघंना.”

शांतादेवींनी डबी हातात घेतली. गु. शि. लिगाडे. अक्षरं त्यांना बोटानं वाचता यायची.

“ही हरवलेली,” त्या म्हणाल्या.

“पेटीत तळाला होती. वर कापूर ठेवला होता.”

वर्षाराणीनं वरवंट्यानं कडेनं हलकं ठोकलं तेव्हा झाकण सुटलं. आत पावडर नव्हती. आत एक गठ्ठा होता, करडा, दगडासारखा धरलेला. वर्षाराणी म्हणाली, “खराब झालीय, टाकून देऊ?”

“थांब.”

त्यांनी नखानं कोपरा फोडला. बोटांत चोळला. वासही घ्यायची गरज पडली नाही. पन्नास वर्षं ज्या हातानं विभूती चाळली त्या हाताला ती कळली, आणि कितीतरी होती हेही कळलं. बोरिक असं धरत नाही. ओल लागली की धरते ती राख.

त्या उठल्या. मग डबी घेऊन जिना चढल्या. वर्षाराणी मागोमाग.

माडीवर बोर्ड झाकून ठेवला होता. शांतादेवींनी चादर काढली आणि गुरुसिद्धांच्या स्टुलावर बसल्या. लग्नाला बावन्न वर्षं झाली होती. त्या जागेवर त्या पहिल्यांदा बसत होत्या. 

त्यांनी गठ्ठ्यातला तुकडा चुरून अर्ध्या बोर्डावर पसरला, स्ट्रायकर ठेवला आणि बोटानं टिचकी मारली. नेम बिम त्यांना येत नव्हता, सरळ ढकलायचं एवढंच. स्ट्रायकर घसरला, कुरकुरला आणि मध्यावर थांबला. त्यांनी परत मारली, जोरात. परत मध्यावर.

“पूस,” त्या म्हणाल्या. वर्षाराणीनं पुसलं. “आता त्यो पुडा आण.”

पुड्याच्या पावडरीवर स्ट्रायकर समोरच्या फळीपर्यंत गेला.

“खालनं माझं बोरिकचं कापड आण, आन् वाटी.”

पुड्यातलीच पावडर त्यांनी बसल्या जागी एकदा चाळून घेतली, पातळ फिरवली. ह्या वेळी स्ट्रायकर फळीवर आपटून परत त्यांच्या पोटाशी आला. त्यांनी तो हातानं थांबवला.

“अव्वा,” वर्षाराणी हळूच म्हणाली, “त्या डबीत काय होतं?”

“देव होता,” शांतादेवी म्हणाल्या. “मी घातलेला.”

चार वाजता श्रीशैल आणि आकाराम जिना चढून आले. आकाराम आता सत्तरीचा, गुडघ्यावर हात ठेवून पायरी घ्यायचा. आधी त्याला दिसलं की स्टुलावर कोण बसलंय.

“वहिनी, आज तुमची पाळी काय? माझ्याशी जोडी करताय? मला पार्टनर न्हाई पंधरा वर्सं.”

“बसा भावजी.”

श्रीशैलला मात्र आधी डबी दिसली. तो दारातच थांबला. त्याच्या कपाळावरचे सकाळचे तीन पट्टे घामानं पुसट झाले होते.

“तुला कवा कळलं?” शांतादेवींनी विचारलं.

“काय?”

“श्रीशैल.”

त्यानं चप्पल भिंतीला लावली. “पहिल्या गेमलाच,” तो म्हणाला. “तळव्याला लागली. रोज कपाळाला लावतो, कळणार न्हाई व्हय?”

“मग पंचाला का सांगितलं न्हाईस?”

“काय सांगू? घरची म्हणून मीच उठून दिली. जोतीरामबी त्याच पावडरीवर खेळत होता. तो चांगला खेळला, अव्वा. त्यात खोटं न्हाई.”

“आन् मला?”

 आकारामनं एकदा श्रीशैलकडं, एकदा शांतादेवींकडं बघितलं. डबी उचलून आत डोकावला. “आरं,” तो म्हणाला, “ही तर राख हाय.” मग त्यालाही समजलं आणि त्यानं डबी जपून खाली ठेवली.

“तुला सांगितलं असतं,” श्रीशैल म्हणाला, “तर तू परत कापड हातात धरलं नसतंस. आन् गावात नाव खराब झालं असतं. तुझंबी, देवाचंबी. त्यापरास माझा हात कापला म्हटलं. एवढंच.”

“आन् पुडा?”

“परत घातलीस तर? घालू नको म्हणायला गेलो असतो तर सगळंच बोलावं लागलं असतं.”

“आवो, मग ही टाकायची तरी,” वर्षाराणी म्हणाली. “आठ वर्सं पेटीत ठेवून काय केलं?”

“टाकायची कुठं?” श्रीशैल म्हणाला. “विभूती हाय ती. पायाखाली गेली असती.”

आकारामला हसू आलं, ते त्यानं खोकल्यात घातलं. खालून बोळातनं एक रिक्षा गेली. शांतादेवींनी बोर्डावरचा तळवा उचलला, पदराला पुसला आणि स्टुलावरून उठल्या. उठून त्या श्रीशैलच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. तो त्यांच्यापेक्षा वीतभर उंच होता, तरी मान त्याचीच खाली होती.

“भावजी, तुमीबी ऐका,” त्या म्हणाल्या. “वर्षाराणी, इकडं ये. श्रीशैल, त्या दिवशी तुझा हात कापला नव्हता. माझा हात जड पडला. आठ वर्सं मी तुला चार लोकांत बोल लावला, तो परत घेते. ज्यांच्यासमोर लावला त्यांच्या दारात जाऊन सांगते, झुंबरबाईपासनं. तिला काय आनंद व्हायचा तो होऊ दे. हे झालं माझं. आता तुझं ऐक. खेळात तू बापाच्या पुढं गेलास, हे मी आज म्हणते, त्यांच्या स्टुलासमोर उभी राहून म्हणते. पर तू चोरटा हायस. भ्यालास मला. आईला काचेचं भांडं समजून फडताळात ठेवलंस. पन्नास वर्सं राख चाळली मी. राखेला राख म्हणायला मला लाज वाटत न्हाई, तुला का वाटावी? शनिवारी जा. हरलास तर हरलो म्हणून ये, पर असलं खोटं परत ह्या घरात बोललास तर ताट वाढणार न्हाई. आन् बोर्ड कुठं जात न्हाई. त्यो पुडा बाजूला ठेव, वाटीतली घे, मी चाळून ठेवलीय. बस आता, आन् पहिली फोड तू कर.”